बिनविरोध सभासद : वल्लभभाई पटेल आणि अहमदाबादच्या शाळा

प्रास्ताविक

सरदार वल्लभभाई पटेल हे नाव उच्चारताच बारडोलीचा लढा, संस्थानांचे विलीनीकरण आणि स्वतंत्र भारताचे पहिले गृहमंत्री एवढ्या गोष्टी आपल्यासमोर उभ्या राहतात. थोरांच्या चरित्रांत बहुधा असेच घडते. आयुष्याच्या उत्तरार्धातील मोठी कर्तृत्वे आधीच्या वर्षांवर सावली धरतात आणि ज्या काळात माणूस घडला तो काळ वाचकाच्या नजरेआड जातो. प्रस्तुत घटकात आपण वल्लभभाईंच्या आयुष्यातील 1917 ते 1928 ही अकरा वर्षे प्रामुख्याने पाहणार आहोत. या वर्षांत ते अहमदाबाद नगरपालिकेचे सभासद, तिच्या समित्यांचे प्रमुख आणि अखेरीस अध्यक्ष होते. गटारे, पाणी, प्लेग, प्राथमिक शाळा हे त्यांच्या कामाचे विषय होते. त्यांतही शाळांचा प्रश्न असा होता की त्यापायी संपूर्ण नगरपालिकाच सरकारने दूर सारली.

वल्लभभाई या सभागृहात बिनविरोध आले होते. बिनविरोध हा शब्द मराठीत आपण सहज वापरतो. त्यातील बिन हा घटक व्याकरणकार फारसी-अरबी उपसर्गांच्या यादीत मांडतात, विरोध हा शब्द संस्कृत आहे. निवडणुकीच्या बातमीत तो गौरवाचा वाटतो. परंतु बिनविरोध निवड म्हणजे मतपेटी न उघडता झालेली निवड, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अशा प्रतिनिधीच्या पाठीशी लोक आहेत की नाहीत, हे त्या दिवशी कोणी मोजलेले नसते. वल्लभभाईंच्या बाबतीत ते मोजमाप पुढे कसे झाले, हा या चरित्रभागाचा मुख्य धागा आहे.

शाळकरी वयातील वल्लभभाई

वल्लभभाईंचा जन्म नडियाद येथे आजोळी झाला. 31 ऑक्टोबर 1875 ही त्यांची जन्मतारीख मॅट्रिकच्या अर्जात त्यांनी स्वतःच अंदाजाने लिहिली होती, आणि पुढे तीच रूढ झाली. वडील झवेरभाई खेडा जिल्ह्यातील करमसदचे शेतकरी. आई लाडबा. थोरले बंधू विठ्ठलभाई पुढे मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष झाले. घरची जमीन थोडी, भावंडे पुष्कळ. वल्लभभाईंचे शिक्षण त्यामुळे रखडतच झाले. करमसदला प्राथमिक शाळा, मग बडोदे संस्थानातील पेटलाद. तेथे काही मुलांनी मिळून एक घर घेतले होते. प्रत्येकजण आठवड्याचा शिधा घरून आणी आणि मुलेच आळीपाळीने स्वयंपाक करीत. पुढे नडियादहून ते 1897 मध्ये मॅट्रिक झाले. तेव्हा त्यांचे वय बावीस होते. आपल्यापैकी ज्यांनी नोकरी, शेती वा घरसंसार सांभाळत उशिरा पदवीचे शिक्षण हाती घेतले आहे, त्यांना या वयाचे नवल वाटणार नाही.

त्यांच्या शालेय जीवनातील तीन प्रसंग चरित्रकारांनी आवर्जून सांगितले आहेत. नडियादच्या एका शिक्षकांनी वह्या-पेन्सिली आपल्याकडूनच विकत घ्याव्यात अशी मुलांवर सक्ती केली. वल्लभभाईंनी मुलांना एकत्र करून शाळेवर बहिष्कार घातला आणि ती सक्ती बंद पाडली. दुसरा प्रसंग बडोद्याचा. संस्कृत सोडून गुजराती विषय घेतल्याबद्दल शिक्षक रागावले आणि त्यांनी या विद्यार्थ्याला रोज पाढे लिहून आणण्याची शिक्षा दिली. गुजरातीत पाडा म्हणजे पाढा आणि पाडा म्हणजे म्हशीचा नर पारडूही. पाढ्यांची संख्या रोज वाढत गेली, तेव्हा वल्लभभाईंनी एक दिवस निर्विकारपणे सांगितले की पाडे आणले होते, पण दारातून उधळून पळून गेले. मराठीत ढ आणि ड यांनी हे दोन शब्द वेगळे ठेवले असल्यामुळे ही कोटी मराठीत जशीच्या तशी उतरत नाही. भाषाभ्यासकाला या गोष्टीत श्लेषाचे एक चांगले उदाहरण मिळते; चरित्रवाचकाला शिक्षेला न घाबरणारा मुलगा दिसतो.

तिसरा प्रसंग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. नडियाद नगरपालिकेच्या एका निवडणुकीत शाळेतील एक शिक्षक उभे राहिले. प्रतिस्पर्धी गावातील धनिक होता, आणि एका मास्तराकडून हरलो तर मिशी उतरवीन अशी त्याने पैज मारली होती. वल्लभभाईंनी मुलांना घेऊन घरोघर प्रचार केला. शिक्षक निवडून आले. मग ही मुले एका न्हाव्याला बरोबर घेऊन पराभूत उमेदवाराच्या दारी गेली, असे सांगतात. आख्यायिकेचा रंग वगळला तरी एवढे उरते की नगरपालिका हे धनिकांचे राखीव कुरण नव्हे, ही जाण या मुलाला मतदानाचा अधिकार मिळण्यापूर्वीच आली होती.

वकिलीची वर्षे

पुढील काळ आपण थोडक्यात पाहू. 1900 मध्ये जिल्हा वकिलीची परीक्षा देऊन वल्लभभाईंनी गोध्रा आणि नंतर बोरसद येथे वकिली केली. विलायतेस जाण्यासाठी त्यांनी पैसे साठवले आणि प्रवासाची व्यवस्था केली. परंतु कागदपत्रे व्ही. जे. पटेल या नावाने आली. थोरल्या भावाची आद्याक्षरेही तीच. विठ्ठलभाईंनी आधी जाण्याचा हक्क सांगितला आणि धाकट्याने तो मान्य केला. 1909 मध्ये पत्नी झवेरबा मुंबईत शस्त्रक्रियेनंतर वारल्या. ती तार हाती आली तेव्हा वल्लभभाई न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी घेत होते. त्यांनी तार वाचून खिशात ठेवली आणि काम पुरे केले. मणिबेन व डाह्याभाई ही दोन लहान मुले मागे होती. 1910 मध्ये ते लंडनला गेले, मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले आणि 1913 मध्ये परतून अहमदाबादेत स्थायिक झाले. गुजरात क्लबात ब्रिज खेळणारा, कोटपाटलोणीतला, फौजदारी खटल्यांत नाव कमावलेला हा बॅरिस्टर सार्वजनिक कामापासून चार हात दूरच होता. 1915 मध्ये अहमदाबादेत आश्रम काढणाऱ्या गांधीजींकडेही तो प्रथम थट्टेनेच पाही.

एक मत, आणि नंतर मतच नाही

अहमदाबादच्या नगरपालिकेला गुजरातीत सुधराई म्हणत. नाव सुधारणेचे असले, तरी कारभाराची सूत्रे सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हाती होती. शिलिडी नावाचे इंग्रज अधिकारी त्या जागी होते. त्यांच्या मनमानीला कायद्याच्या भाषेत उत्तर देणारा सभासद नागरिकांना हवा होता. मित्रांच्या आग्रहामुळे वल्लभभाई 1917 च्या आरंभी दरियापूर विभागातील पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि केवळ एका मताने निवडून आले. प्रतिस्पर्धी न्यायालयात गेला. निवडणूक रद्द ठरली. त्याच वर्षी पुन्हा निवडणूक जाहीर झाली, तेव्हा वल्लभभाईंविरुद्ध कोणीही उभे राहिले नाही.

येथे थोडे थांबून विचार करा. पहिल्या निवडणुकीत जवळजवळ निम्मे मतदार त्यांच्या विरोधात होते. दुसऱ्या वेळी कागदोपत्री विरोध शून्य झाला. काही महिन्यांत दरियापूरच्या निम्म्या मतदारांचे मत बदलले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिवाय त्या काळी मताचा अधिकार कर आणि मिळकत यांवर ठरे. गिरणीतील मजूर, भाड्याच्या खोलीत राहणारी कुटुंबे आणि बहुसंख्य स्त्रिया मुळात मतदारयादीतच नव्हत्या. नगरपालिकेच्या शाळेत मुले जात ती मुख्यतः अशाच घरांतून. ज्यांची मुले शाळेत, त्यांचे मत सभागृहात नाही, अशी ही रचना होती.

सभागृहात आल्यावर वल्लभभाईंनी आयुक्तांच्या कारभारातील प्रकरणे कागदपत्रांनिशी मांडली आणि अखेर शिलिडी यांना अहमदाबाद सोडावे लागले. आरोग्य समितीचे काम त्यांच्याकडे आले. त्याच सुमारास शहरात प्लेग पसरला. शाळा व न्यायालये बंद झाली, ज्यांना शक्य होते ते शहराबाहेर गेले. वल्लभभाई मात्र भद्र भागातील घरी राहिले. गल्लीबोळांतून हिंडून सफाई कामगारांच्या कामावर ते स्वतः लक्ष ठेवीत. बिनविरोध सभासदाने मतदारांकडून मागाहून मिळवलेले पहिले मत हेच म्हणावे लागेल. 1918 च्या खेडा सत्याग्रहात ते गांधीजींचे सहकारी झाले आणि वकिली मागे पडत गेली. 1919 मध्ये नगरपालिकेत आलेल्या सहकाऱ्यांत गणेश वासुदेव मावळंकर हे एक होते. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मराठी घराणे, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत. पुढे ते लोकसभेचे पहिले सभापती झाले, हे आपल्याला माहीत असेलच.

शाळा कोणाच्या?

प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न पटेलांच्या घरात नवा नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले आणि ते फेटाळले गेले. त्याच दिशेचे, पण नगरपालिकांपुरते मर्यादित असे विधेयक विठ्ठलभाईंनी मुंबई कायदेमंडळात मांडले आणि 1918 मध्ये त्याचा कायदा झाला. पटेल कायदा म्हणूनच तो ओळखला जातो. थोरल्याने कायदा केला आणि धाकट्याने तीन वर्षांत शाळांवरूनच सरकारशी भांडण काढले.

सप्टेंबर 1920 मध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा ठराव केला. सरकारी आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांवर बहिष्कार हे त्यातील एक कलम होते. महाविद्यालयीन तरुणांना बाहेर काढणे त्या मानाने सोपे होते. त्यांच्यासाठी ऑक्टोबरमध्ये गुजरात विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच्या निधीसाठी वल्लभभाई ब्रह्मदेशापर्यंत फिरले. परंतु नगरपालिकेच्या प्राथमिक शाळांचे काय करायचे? त्या रिकाम्या केल्या तर नुकसान सरकारचे होत नव्हते. नागरिकांच्या करातून उभ्या राहिलेल्या शाळा नागरिकांनीच ओस पाडल्या, असे झाले असते. घराजवळची एकमेव शाळा सुटलेले गरिबाचे मूल दुसरीकडे जाते असे नाही; ते बहुधा घरीच राहते.

वल्लभभाईंनी काढलेला मार्ग वकिलाला शोभणारा होता. मुलांनी शाळा सोडायची नाही, शाळांनीच सरकार सोडायचे. 1921 च्या सुरुवातीला अहमदाबाद नगरपालिकेने ठराव केला की प्राथमिक शाळांसाठी सरकारी अनुदान घ्यायचे नाही आणि अनुदान घेत नसल्यामुळे सरकारी निरीक्षकांची तपासणीही स्वीकारायची नाही. नडियाद आणि सुरत येथील नगरपालिकांनीही हीच वाट धरली. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांना सभ्य शब्दांत परत पाठवण्यात आले. पत्रव्यवहार सुरू झाला. सरकारचे म्हणणे असे की नगरपालिका कायद्याने निर्माण झाली आहे, शिक्षणावर खर्च करण्याचा अधिकारही तिला कायद्यानेच दिला आहे, तेव्हा तपासणीचा नियम तिला झुगारता येणार नाही. नगरपालिकेचे म्हणणे असे की ज्याचा पैसा त्याची देखरेख. पैसा करदात्यांचा आहे, म्हणून देखरेख त्यांच्या प्रतिनिधींची.

या दोन्ही बाजू वाचताना मराठी विद्यार्थ्याने आणखी एक नाव ध्यानात ठेवावे. त्या वेळी मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डीचे, केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर, फर्ग्युसन महाविद्यालयाचे दीर्घकाळ प्राचार्य. ते गोखल्यांच्या परंपरेतील नेमस्त होते. शिक्षणाचा प्रसार कायद्याच्या चौकटीतूनच होईल, ही त्यांची श्रद्धा होती. अहमदाबादच्या शाळांनी ज्या खात्याला दार बंद केले ते खाते त्यांच्याकडे होते. या संघर्षाचे चित्र इंग्रज सरकार विरुद्ध भारतीय शाळा एवढ्यावर संपत नाही, ते यामुळे. मुलांना शाळा मिळावी असे मनापासून वाटणारी माणसे दोन्ही बाजूंना होती.

शिक्षकांची स्थिती सर्वांत अवघड होती. त्यांची सेवा आणि निवृत्तिवेतन यांची दोरी शिक्षण खात्याच्या हाती. नगरपालिकेच्या बाजूने उभे राहणे म्हणजे म्हातारपणीचा आधार पणाला लावणे. राष्ट्रीय लढ्याच्या इतिहासात सभांचे आणि तुरुंगवासाचे वर्णन भरभरून येते. प्राथमिक शिक्षकाच्या या हिशेबाला मात्र एखादी ओळ मिळते. प्रस्तुत लेखकाच्या मते वल्लभभाईंच्या निर्णयाची खरी किंमत याच वर्गाकडून मागितली गेली होती, आणि चरित्राभ्यासात ती बाजूला ठेवता कामा नये.

नगरपालिका दूर, शाळा सुरू

डिसेंबर 1921 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अहमदाबादेत भरले. वल्लभभाई स्वागताध्यक्ष होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी 1922 मध्ये, सरकारने नगरपालिका बाजूला सारून तिच्या जागी स्वतः नेमलेल्या सदस्यांची व्यवस्थापन समिती आणली. लोकनियुक्त सभासद घरी बसले. सुरतेलाही तसेच झाले. मार्चमध्ये गांधीजींना अटक झाली. चौरीचौऱ्याच्या घटनेनंतर सविनय कायदेभंगाचा बेत स्थगित झाला होता आणि देशभर चळवळीला ओहोटी लागली होती. शाळांचा प्रश्न येथेच विरून जाईल, असे सरकारला वाटले असल्यास नवल नाही.

तसे झाले नाही. वल्लभभाईंनी प्रजेच्या वतीने प्राथमिक केळवणी मंडळ उभे केले. केळवणी म्हटले की मराठी वाचकाला लग्नघरचे केळवण आठवेल. गुजरातीत मात्र केळवणी म्हणजे शिक्षण. लोकवर्गणीतून मंडळाच्या शाळा सुरू झाल्या. आता शहरात दोन प्रकारच्या प्राथमिक शाळा समोरासमोर होत्या. एकीकडे सरकारनियुक्त समितीच्या शाळा. इमारती त्यांच्या, फळे-बाके त्यांची, करांचा पैसाही त्यांचाच. दुसरीकडे मंडळाच्या शाळा. कोणती शाळा निवडायची, हा निर्णय आता पालकांच्या हाती आला.

ज्यांना 1917 मध्ये मताचा अधिकार नव्हता अशी घरेही या वेळी निवड करणाऱ्यांत होती. मजुराने किंवा विधवा आईने आपले मूल सकाळी कोणत्या दारात सोडायचे, हे ठरवताना मालमत्तेची अट आडवी येत नव्हती. बहुसंख्य मुले मंडळाच्या शाळांत गेली. एका मताने जिंकलेल्या आणि नंतर मतदानाविना निवडल्या गेलेल्या सभासदाचे मोजमाप शाळांच्या हजेरीपटावर झाले, आणि तेही त्यांच्याकडे कोणतेही पद नसताना.

सरकारने दुसरी बाजूही लावून धरली होती. शाळांवर सरकारी नियंत्रण झुगारून केलेला खर्च बेकायदा आहे, असे म्हणून दीड लाखाहून अधिक रुपये वल्लभभाई व त्यांच्या सहकारी सभासदांकडून वैयक्तिकरीत्या वसूल करण्यासाठी दिवाणी दावा लावण्यात आला. दावा सिद्ध झाला असता तर कित्येकांची घरेदारे गेली असती. असहकारी म्हणून न्यायालयांवर बहिष्कार घातलेल्या या बॅरिस्टरासमोर तो एक पेच होता. परंतु दावा न्यायालयात टिकला नाही आणि सभासद सुटले.

1924 आणि स्कूल बोर्ड

दोन वर्षांची मुदत संपल्यावर 1924 च्या आरंभी नगरपालिका पुन्हा लोकनियुक्त झाली. निवडणुकीत वल्लभभाईंच्या बाजूला बहुमत मिळाले आणि ते अध्यक्ष झाले. याच काळात विठ्ठलभाई मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष होते, चित्तरंजन दास कलकत्त्याचे महापौर, जवाहरलाल नेहरू अलाहाबादचे व राजेंद्रप्रसाद पाटण्याचे नगराध्यक्ष. पुढच्या पिढीचे राज्यकर्ते नळ आणि गटारांचे हिशेब तपासत होते.

दरम्यान 1923 मध्ये मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला होता. त्याने प्राथमिक शाळांची व्यवस्था स्थानिक संस्थांकडे सोपवली आणि त्यासाठी स्कूल बोर्डाची रचना घालून दिली. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी लोकल बोर्डाची शाळा, म्युनिसिपालिटीची शाळा हे शब्द असत, त्यांच्यामागे हा इतिहास आहे. हा कायदा परांजपे यांच्या मंत्रिपदाच्या काळातला. सरकारी तपासणी आणि अनुदान त्याने कायम ठेवले, त्यामुळे अहमदाबादच्या 1921 च्या ठरावातील मागणी पूर्णपणे मान्य झाली असे म्हणता येणार नाही. पण शाळा चालवण्याचा मुख्य अधिकार शहराच्या प्रतिनिधींचा, हे तत्त्व मात्र कायद्यात आले. बंडखोर नगरपालिका आणि नेमस्त मंत्री वेगवेगळ्या वाटांनी एका ठिकाणी आले, याची दखल दोघांच्याही चरित्रकारांनी पुरेशी घेतलेली नाही असे वाटते.

अध्यक्ष म्हणून वल्लभभाईंचा बहुतेक वेळ पाणीपुरवठा, गटारयोजना, रस्तारुंदी आणि थकलेल्या कराची वसुली यांत गेला. कराबाबत ते कठोर होते. स्नेह्यांनाही सवलत मिळत नसे. जुलै 1927 मध्ये गुजरातवर अतिवृष्टीचे संकट आले, तेव्हा शहराचा आणि खेड्यांचा मदतकार्याचा भार त्यांनी उचलला. स्वयंसेवक, पैसा आणि धान्य यांची त्यांनी लावलेली व्यवस्था सरकारी अधिकाऱ्यांनीही वाखाणली. 1928 मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले. तोपर्यंत सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्याचे शेतकरी वाढीव साऱ्याची तक्रार घेऊन त्यांच्याकडे आले होते, आणि लढा पत्करण्यापूर्वी वल्लभभाईंनी त्यांना पुनःपुन्हा विचारले होते की गावेच्या गावे खरोखर या निर्धारामागे आहेत काय. ती हकीकत पुढील घटकात येईल.